बाबांच्या कानाचं मशीन आणि "सवय होईल"चा वैताग

बाबांना आवाज येत नव्हता असं नाही. त्यांचंच वाक्य, "आवाज येता रे, पण काय बोलतत ता कळणा नाय." सात म्हटलं की हात ऐकायचे. ईएनटी डॉक्टर, ऑडिओमेट्री, बंद खोलीत बीप आला की बटण दाबा, हे सगळं पटापट झालं. ग्राफ डाव्या बाजूला, म्हणजे जाड आवाजांना, ठीकठाक आणि २००० हर्ट्झनंतर, म्हणजे बारीक आवाजांना, घसरगुंडी, वयाने होतो तो नेहमीचा प्रकार. त्यात स, श, त असली बारीक व्यंजनंच निसटतात.

खरा वैताग मशीन घेतल्यावर. सेंटरवाल्यांनी ग्राफचे आकडे कंप्युटरमध्ये टाकले, मशीन जोडलं, क्लिक केलं, "झालं, न्या घरी". घरी मोरीत ताटं वाजली की बाबा दचकणार, पत्र्यावर पाऊस सुरू झाला की मशीन काढून सदऱ्याच्या खिशात, आणि एवढं करून आई समोर बसून बोलली तरी कळत नाहीच. फोन केला, "सवय होईल". परत घेऊन गेलो, "काका, सवय होईल". कमी ऐकू येतं म्हटलं तर सरसकट सगळाच आवाज वाढवला, मग शिट्टी वाजायला लागली, मग कमी केला, मग पुन्हा तेच. वर सल्ला काय, तर ह्याच्या वरचं मॉडेल घ्या! अरे सवय लागायला काही आठवडे जातात हे मान्य, पण सेटिंगच चुकीचं असेल तर सवय कशाची लावायची?

शेवटी देवगडहून फोंडा घाट चढून कोल्हापूरला गेलो. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी पहिल्यांदा नीट समजावलं. ६० डेसिबल कमी ऐकू येतं म्हणून ६० वाढवा असं नसतं. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला किती वाढवायचं याचे फॉर्म्युले असतात, त्यांनी एनएएल-एनएल२ वापरला, तो ऑस्ट्रेलियातला. हळू आवाज जास्त वाढवायचा, मोठा कमी. पण कंप्युटर सरासरी कान धरून चालतो आणि प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळी, म्हणून कानात प्रत्यक्ष मोजायचं, याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. काळी खूण असलेली बारीक मऊ नळी पडद्याजवळपर्यंत सरकवली, वरून मशीन, समोरच्या स्पीकरवर ६५ डेसिबलला कोणीतरी बोलतंय. स्क्रीनवर दोन रेघा, एक पाहिजे ती, एक बाबांच्या कानातली. ३०००-४००० हर्ट्झला बाबांची रेघ कितीतरी खाली! म्हणजे जिथे हवं होतं तिथेच मिळत नव्हतं. ती वर आणली, मोठ्या आवाजाची कमाल मर्यादा खाली घेतली, डोम (मशीनच्या टोकाची कानात बसणारी मऊ टोपी) एक साइज मोठा लावला, शिट्टी बंद. मशीन तेच बरं का, जुनंच!

तेव्हा मॉडेल निवडण्याआधी विचारा, रिअल इअर करता का. "गरज नसते" म्हणाले तर उठा. ऑडिओलॉजिस्टचं आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशनही बघा. हो, आणि टेस्टच्या आधी कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या, नाहीतर मापच चुकेल. बॅटरीचा स्टिकर काढला की लगेच बसवू नका, दोन-चार मिनिटं हवा लागू द्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, बॅटरीचं दार उघडं ठेवून, बॅटरी बाहेर. आणि हिअरिंग एडवर जीएसटी नसतो, बिलात लावलेला दिसला तर तिथेच भांडा.