पेनांग: घड्याळ बघून खा, चालत पोचता येईल अशी खोली घ्या

मलेशियातल्या पेनांग बेटावर खास खाण्यासाठी जाणाऱ्यांची फजिती बहुतेक वेळा एकाच कारणाने होते: ते चुकीच्या वेळी पोचतात. जॉर्ज टाऊन या इथल्या जुन्या शहरातला गाडेवाला सहसा एकच पदार्थ करतो, ठरलेल्या चार-पाच तासांतच करतो आणि माल संपला की आवरून घरी जातो. दुपारी तीनला चुलिया स्ट्रीटवर गेलात तर वानटन मीचा, म्हणजे सारणाच्या पुड्या घातलेल्या नूडल्सचा, गाडा दिसणार नाही. संध्याकाळी सहानंतर तोच रस्ता गाड्यांनी भरतो. म्हणून इथली सहल प्रेक्षणीय स्थळांवरून आखू नका. आधी कुठला पदार्थ कुठल्या वेळी मिळतो ते कागदावर मांडा, मग त्या जागांच्या मध्यावर खोली शोधा. स्वस्तात राहणं आणि चांगलं खाणं या दोन्ही गोष्टी त्यातूनच जमतात.

पोचण्याचं आधी उरकू. भारतीय पासपोर्टवर १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला. सवलतीची मुदत वाढवली जाते, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावर एकदा खात्री करा. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. ते मोफत आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही, लगेच बंद करा.

क्वालालंपूरहून रेल्वेने आलात तर बटरवर्थला उतरायचं. स्थानकाला लागूनच फेरीचा धक्का आहे. दोनेक रिंगिटमध्ये आणि दहा-पंधरा मिनिटांत बोट थेट जुन्या शहराच्या काठाला लावते. पेनांगला यायची ही सगळ्यात छान वाट. बसने येणाऱ्यांनी तिकिटावरचं शेवटचं ठिकाण नीट वाचावं. 'पेनांग सेंट्रल' म्हणजे बटरवर्थ, मुख्य भूमीवर. 'सुंगाई निबोंग' म्हणजे बेटावर, पण जुन्या शहरापासून लांब. विमानतळावरून ४०१ किंवा ४०१ई क्रमांकाची बस तीन रिंगिटच्या आत कोमतार या उंच मनोऱ्यापर्यंत आणि जेटी म्हणजे फेरीच्या धक्क्यापर्यंत नेते, साधारण तास लागतो. पाटीवर 'जेटी' लिहिलेलं बघूनच चढा, कारण त्याच क्रमांकाची बस उलट दिशेने बालिक पुलाऊला जाते. ड्रायव्हर सुटे परत देत नाही, म्हणून विमानतळावरच काहीतरी किरकोळ विकत घेऊन एक-एक रिंगिटच्या नोटा करून ठेवा. रिंगिट म्हणजे मलेशियाचं चलन; इथे त्याचा हिशेब साधारण वीस ते बावीस रुपयांनी धरला आहे.

खोलीसाठी चुलिया स्ट्रीट, मुंत्री स्ट्रीट, कॅम्पबेल स्ट्रीट आणि कोमतार यांच्या मधला पट्टा सोडू नका. इथून किंबर्ली स्ट्रीट, लिटल इंडिया, चेंदोल या थंड गोड पदार्थाची गल्ली आणि न्यू लेन सगळंच पायी होतं. लव्ह लेनवर वसतिगृहं पुष्कळ आहेत, पण खाली बार असल्याने रात्री उशिरापर्यंत आवाज असतो. झोप हवी असेल तर दोन गल्ल्या सोडून राहा. बातू फेरिंघीला किनारा आहे, पण तिथून गाड्यांवर खायला यायचं तर दर वेळी बसचा लांबचा फेरा.

वसतिगृहात खाट साधारण ३० ते ५० रिंगिटला, दोघांची साधी खोली ८० ते १३० रिंगिटला मिळते. जुनं जॉर्ज टाऊन २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि स्वस्त खोल्या बहुतेक जुन्या दुकानघरांमध्ये आहेत. ही घरं अरुंद आणि खोल. पुढची-मागची खोली सोडली तर मधल्या खोल्यांना खिडकी नसते, आणि दमट हवेत बिनखिडकीच्या खोलीत कपडे वाळत नाहीत, कुबट वास येतो. तेव्हा आरक्षण करताना तीन गोष्टी विचाराच: खिडकी बाहेर उघडते का, एसी दिवसभर चालतो की फक्त रात्री, आणि जिना किती उभा आहे. चाकांच्या मोठ्या बॅगेपेक्षा पाठीवरची सॅक बरी, कारण दुकानांपुढच्या छतवाल्या पदपथावर स्कूटर आणि गाडे उभे असतात. परदेशी पाहुण्याला दर खोलीमागे, दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर पडतो, शिवाय राज्याचं दोन-तीन रिंगिट शुल्क. ऑनलाइन दरात हे धरलेलं असेलच असं नाही. डॉर्मवाले कर कसा वाटून घेतात ते आधी विचारून घ्या. प्लग इंग्लंडच्या धर्तीचे, चौकोनी तीन पिनांचे आहेत. अडॅप्टर घरूनच न्या.

सकाळ तमिळ मुस्लिम हॉटेलांची. रोती चनाई, म्हणजे हवेत झुलवून पातळ केलेला, घडी घालून तव्यावर भाजलेला मैद्याचा पदर सुटलेला पराठा, दीड ते अडीच रिंगिटला. सोबत डाळीचा रस्सा येतो. शाकाहारी मंडळींनी 'दाल साजा' म्हणजे फक्त डाळ असं सांगावं, नाहीतर वरून मटणाचा किंवा माशाचा रस्सा पडतो. तेह तारिक हा कंडेन्स्ड दुधाचा चहा फार गोड असतो; 'कुरांग मानिस' म्हटलं की साखर कमी. केळीच्या पानात बांधलेला नासी लेमाकही सकाळचाच, दोन ते चार रिंगिटचं पुडकं. नारळाच्या दुधात शिजवलेल्या भातावर सांबल ही मिरचीची चटणी असते, आणि त्यात सुकी मासळी व कोळंबीची आंबवलेली चटणी असते, हे शाकाहारी लोकांच्या लक्षात असू द्या.

दुपार आसाम लाक्साची, आणि कोकणातल्या माणसाने तर हा पदार्थ चुकवूच नये. रस्सा बांगड्याचा. मासे उकडून, काटे काढून, कुस्करून त्याच पाण्यात परत घालतात. आंबटपणा चिंचेचा आणि आसाम गेलुगोर या फळाच्या वाळवलेल्या कापांचा. हे फळ आपल्या कोकमाच्याच कुळातलं. वरून तांदळाच्या जाड शेवया, अननस, काकडी, कांदा, पुदिना आणि आल्याच्या जातीच्या एका झाडाची गुलाबी कळी बारीक चिरून. चमच्यात वेगळी येते ती कोळंबीची काळी, गोडसर, घट्ट चटणी. ती एकदम ढवळू नका. आधी रस्सा तसाच चाखा, मग अर्धी मिसळा. सगळी घातली तर बांगड्याची चव दबते. वाटी सहा ते आठ रिंगिट. आयर इताम भागात केक लोक सी मंदिर बघून हा लाक्सा खाता येतो, कोमतारहून २०३ किंवा २०४ क्रमांकाची बस तिकडे जाते. शहरात परतल्यावर उन्हाच्या वेळी पेनांग रोडलगतच्या केंग क्वी गल्लीत चेंदोल: नारळाचं दूध, ताडगुळाचा पाक, बर्फाचा चुरा, राजम्यासारखे दाणे आणि पांदान या सुवासिक पानाच्या रसाच्या हिरव्या शेवया. रांग लांब दिसते पण भराभर सरकते, आणि उभ्याने खाल्लं तर आणखी लवकर सुटका.

नासी कंदार जपून मागवायचा पदार्थ आहे. पूर्वी तमिळ मुसलमान विक्रेते खांद्यावर कावड घेऊन भात-कालवण विकत, त्याची आजची रूपं शहरभर आहेत. कॅम्पबेल स्ट्रीटवरचं हमीदिया १९०७ पासूनचं. भातावर दोन-तीन कालवणं एकत्र ओततात, 'बांजिर' म्हटलं की भात रश्शात बुडवूनच देतात, आणि तसंच मागावं. दरफलक मात्र बहुधा नसतो. कोंबडी, भेंडी, अंडं एवढ्यावर थांबलात तर १० ते १५ रिंगिटमध्ये पोट भरतं. मोठी कोळंबी, माशाचं डोकं किंवा माकुलाची अंडी यांच्याकडे बोट दाखवलं की बिल दुप्पट-तिप्पट होतं. वाढण्याआधीच 'बेरापा' म्हणजे किती, हे विचारा. कुणी वाईट मानत नाही. पासेंबूर या भजी-काकडीच्या पदार्थाचंही हेच, नगावर मोजतात. 'दागिंग' म्हणजे बहुधा गोमांस, 'कांबिंग' मटण, 'आयाम' कोंबडी, 'बाबी' डुक्कर.

संध्याकाळ 'चार क्वे तियाव' या परतलेल्या नूडल्सची. तांदळाच्या चपट्या पट्ट्या, कोळंबी, अंडं, मोड आलेले मूग, चिनी सॉसेज, शिंपल्या, सगळं भडक आचेवर. चांगला कारागीर एका वेळी एकच ताटली परततो. कढईत जास्त माल टाकला की तापमान पडतं, पट्ट्या पाणी सोडतात, परतण्याऐवजी वाफवल्या जातात आणि तो धुरकट खरपूस वास येत नाही. म्हणजे जिथे एकेक ताटली निघते आणि त्यामुळे अर्धा तास लागतो, तिथेच थांबा. पाच ताटल्या एकदम काढणाऱ्याकडे गर्दी असली तरी पुढे चला. बांधून नेऊ नका, दहा मिनिटांत त्याचा गोळा होतो. शिंपल्या अर्धवट शिजवूनच घालतात आणि त्यातून कावीळ होऊ शकते, म्हणून 'तानाक करांग' म्हणजे शिंपल्या नकोत असं सांगा. परतायला डुकराची चरबी असते. ती चालत नसेल तर मुस्लिम गाड्यावरचं घ्या. ताटली ८ ते १२ रिंगिट.

संध्याकाळच्या जागांपैकी आमचं मत न्यू लेन आणि किंबर्ली स्ट्रीटला. गर्नी ड्राइव्हला निवड खूप, पण भावही थोडे चढे. ताटल्या लहान असतात, तो फायदा समजा: दोघांत एक घ्या, बसा, उठा, पुढच्या गाड्याकडे जा.

बसण्याचा नियम असा. आधी टेबल पकडा, त्याचा क्रमांक लक्षात ठेवा, मग प्रत्येक गाड्यावर जाऊन पदार्थ आणि क्रमांक सांगा. पैसे ताटली आल्यावर त्या-त्या गाडेवाल्याला. टेबलं मात्र पेयं विकणाऱ्याची असतात, त्यामुळे तो विचारायला आला की निदान एक पेय घ्या. न घेणाऱ्याला काही ठिकाणी जादा आकार पडतो. 'कोपी' म्हणजे कंडेन्स्ड दुधाची कॉफी, 'कोपी-ओ' काळी पण साखरेची, 'कोपी-ओ कोसोंग' बिनसाखरेची. बांधून हवं तर 'बुंगकुस'. चिनी आणि मुस्लिम गाडे एकाच आवारात असले तर डुकराच्या पदार्थाची ताटली मुस्लिम गाड्याच्या टेबलावर नेऊ नका, हे फार महत्त्वाचं. टिश्यू खिशात ठेवा, गाड्यावर मिळत नाही. टिप द्यायची पद्धत नाही.

शाकाहारी माणसाने घाबरायचं कारण नाही, फक्त चिनी गाड्यावर 'भाज्यांचं द्या' एवढ्यावर विसंबू नये. रस्सा हाडांचा असतो आणि सॉस कालवांचा. लिटल इंडियात केळीच्या पानावरचं शाकाहारी जेवण मिळतं. चिनी बौद्ध शाकाहारी खानावळींवर अनेकदा स्वस्तिक असतं, आणि परंपरेने तिथे कांदा-लसूणही वापरत नाहीत. जैन मंडळींना हे सोयीचं, मात्र कंदमुळं आणि अंडं विचारून घ्यावं. 'च्या चाय' म्हटलं की चिनी गाडेवाल्याला शाकाहार कळतो. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो, तेव्हा कितीतरी गाडे पिवळे झेंडे लावून पूर्ण शाकाहारी होतात. बऱ्याच वर्षी तो आपल्या शारदीय नवरात्रातच पडतो. २०२३ आणि २०२४ साली दोन्ही एकाच दिवशी सुरू झाले. शाकाहारी कुटुंबाने पेनांगला जायचं तर याच दिवसांत जावं, असं आम्ही ठामपणे सांगू. थायपुसम या तमिळ हिंदूंच्या सणालाही मंडपांतून फुकट शाकाहारी जेवण देतात, पण तेव्हा वाहतूक तुंबते.

चिनी नववर्षाचा आठवडा मात्र टाळा. अनेक चिनी गाडे बंद, आणि खोल्यांचे भाव चढलेले. एरवीही शनिवार-रविवार महाग पडतात, सोमवार ते गुरुवार बरं. आठवड्यातली सुट्टी प्रत्येक गाड्याची वेगळी असते, त्यामुळे ज्या पदार्थासाठी जीव टाकलाय तो पहिल्याच दिवशी गाठा. बंद सापडला तर हाताशी दिवस राहतात. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये पाऊस जास्त, संध्याकाळी सर आली की उघड्यावरचे गाडे उशिरा लागतात. दुरियानचा भर जून-जुलैत. तो रस्त्यावरच खाऊन संपवा, खोलीत आणला तर दंड होतो.

नळाचं पाणी स्थानिक लोकही उकळून किंवा गाळून पितात. रस्त्यावरच्या यंत्रातून गाळलेलं पाणी काही सेनमध्ये (शंभर सेनचा एक रिंगिट) बाटलीत भरून घेता येतं. मधे भोक असलेला नळकांडी बर्फ कारखान्यातला असतो, तो चालतो. पोट बिघडतं ते बहुधा शिंपल्यांनी किंवा उन्हात तासन्‌तास राहिलेल्या नारळाच्या दुधाने. रश्शाचं पातेलं उकळतंय का, ते बघून मागवा.

खर्चाचा अंदाज माणशी असा: नाश्ता ७, लाक्सा आणि पेय १०, चेंदोल ५, रात्री दोन ताटल्या आणि पेय २०, खाट ४०, बस ५. म्हणजे दिवसाला नव्वदएक रिंगिट, अंदाजे दोन हजार रुपये. गाड्यांवर रोखच ठेवा, तीही दहाच्या नोटांत.

परतताना लोक तांबुन बिस्किटं घेतात, मुगाचं गोड-खारट सारण भरलेली. पारंपरिक बिस्किटांत डुकराची चरबी असते. शाकाहारी घरासाठी घेत असाल तर वनस्पती तेलातली मागा, आणि डब्यावर शाकाहारी असं छापलेलं असेल तरच पैसे द्या.