हडर्सफील्ड: कॅसल हिलवर कॅसल शोधू नका

आधीच सांगते, इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या कॅसल हिल या टेकडीवर कॅसल, म्हणजे किल्ला, नाहीये. फोटोत दिसतो तो व्हिक्टोरिया टॉवर, राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून बांधलेला, १८९९ मध्ये उघडला. बाराव्या शतकात खरंच किल्ला होता पण आता फक्त खंदक आणि मातीचे बांध उरलेत, त्याच्याही आधीचा लोहयुगातला कोट. आम्हाला सगळ्यांनी "मस्त किल्ला आहे, जाच" एवढंच सांगितलेलं, बाकीचं वर जाऊन कळलं.

आणि तो चढ! स्टेशनपासून चारेक किमी, मॅपवर अगदी सरळ दिसतं, पण पाऊस पडून गेला असेल तर शेवटचा टप्पा म्हणजे नुसता राडा, वारा असला की छत्री उघडायचं नावच नको. सिंहगड पायी चढणाऱ्यांना दम लागणार नाही, पण ग्रिपवाले बूट हवेतच, स्नीकर्सवाल्यांचे हाल बघितलेत. टॅक्सी करणार असाल तर बसायच्या आधी भाडं ठरवा. जाताना ठीक घेतले, येताना मीटर न टाकता जवळपास दुप्पट, वर दुसरी गाडी मिळत नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं, संताप झाला नुसता. टॉवर रोज उघडा नसतो, तारखा बघून जा.

खरा राजवाडा म्हणाल तर स्टेशन! १८५० चं, समोर सहा प्रचंड कॉरिंथियन खांब, खाली उभं राहून वरच्या दगडातली कोरलेली पानं बघा, मान दुखेपर्यंत बघितली मी. समोरच्या चौकात ब्रिटनचा माजी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सनचा पुतळा, तो इथलाच, आणि बाजूलाच जॉर्ज हॉटेलची इमारत. रग्बीच्या मॅचसाठी कामावर खाडा झाला की गिरणीकामगारांचा पगार बुडायचा, तो भरून द्यावा यावरून भांडण पेटलं आणि २९ ऑगस्ट १८९५ ला काही क्लब मूळ रग्बी संघटनेपासून या हॉटेलातच वेगळे झाले, त्यातून रग्बी लीग हा रग्बीचा वेगळा प्रकार आला. गावातली बरीचशी जमीन रॅम्सडेन घराण्याची होती, १९२० मध्ये कॉर्पोरेशनने १३ लाख पौंडांना विकत घेतली. पण त्याच गावाने १७६६ चा क्लॉथ हॉल, म्हणजे कापडबाजाराची इमारत, १९३० मध्ये पाडला, कापडावर मोठं झालेल्या गावाने! अक्षम्य. त्याचे थोडे अवशेष रेव्हन्सनोल पार्कात आहेत, वेळ असेल तरच जा.

वीकेंडला रेल्वेच्या कामामुळे बऱ्याचदा गाड्या रद्द करून बस लावतात, आदल्या रात्री चेक करा. आणि टेकडी सकाळीच उरका, स्टेशन काय, परत जाताना बघणारच आहात.