आईच्या टेबलापाशी बसलेली इरेन

पॅरिसचं ठरलं तेव्हा यादीत सगळ्यात वर मी क्युरी म्युझियम लिहिलं. कारण घरचंच आहे. आईच्या थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि नंतर तिला किरणोत्सारी आयोडीनची कॅप्सूल दिली. तीन दिवस ती वेगळ्या खोलीत आणि मी बाहेर. ताट दाराशी ठेवायचं, मागे सरायचं, बोलणं फोनवर. असं आयोडीन मुळात तयार करता येतं हे कुणाला सुचलं, याचा माग काढत मी इरेन जोलिओ-क्युरीपर्यंत पोचले. तोवर मला ती फक्त मादाम क्युरींची मुलगी म्हणून माहीत होती.

लक्झेंबर्ग स्टेशनला उतरून फ्रान्समधल्या थोरांच्या समाध्या असलेल्या पाँथिऑनला वळसा घातला की पिएर आणि मारी क्युरी यांच्या नावाचा छोटा रस्ता लागतो. म्युझियम लहान आहे, तिकीट नाही. तळमजल्यावर मारीची ऑफिसची खोली आहे: टेबल, खुर्ची, पुस्तकांचं कपाट, बागेकडची खिडकी. दाराशी उभं राहूनच बघायचं. मारी गेल्यावर ही खोली कुलूप लावून ठेवली नव्हती. आधी मारीचे सहकारी आंद्रे दबिएर्न, मग 1946 पासून इरेन, आणि तिच्यामागे तिचा नवरा फ्रेडरिक, सगळे इथल्या प्रयोगशाळेचे संचालक म्हणून इथेच बसले. आईच्या टेबलावर मुलीने 10 वर्षं काम केलं. मी त्या टेबलाच्या कडेकडे बराच वेळ बघत राहिले. शेजारच्या प्रयोगशाळेतला किरणोत्सर्ग 1981 मध्ये साफ करावा लागला होता.

1934 च्या जानेवारीत इथेच, तेव्हाच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये, इरेन आणि फ्रेडरिक यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर पोलोनियम या किरणोत्सारी मूलद्रव्यातून निघणाऱ्या अल्फा कणांचा मारा केला. पोलोनियम दूर केलं, तरी किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर काउंटरची टकटक थांबेना. दर तीनेक मिनिटांनी ती निम्म्यावर यायची. साध्या अ‍ॅल्युमिनियमपासून किरणोत्सारी फॉस्फरस तयार झाला होता. तोवर किरणोत्सर्ग म्हणजे निसर्गात सापडेल तेवढाच. आता तो माणसाला घडवता येऊ लागला, आणि पुढे आईच्या कॅप्सूलमधलं आयोडीन त्याच वाटेने आलं. ज्या पोलोनियमने हे साधलं ते मारी आणि पिएर यांनी 1898 मध्ये शोधलेलं, इरेन तेव्हा जेमतेम वर्षाची. मारीने हा प्रयोग डोळ्यांनी पाहिला आणि त्याच जुलैत ती गेली. 1935 चं रसायनशास्त्राचं नोबेल या जोडप्याला मिळालं. 1911 मध्ये आईचं दुसरं नोबेल घ्यायला चौदा वर्षांची इरेन आईबरोबर स्टॉकहोमला गेली होती.

तिला सगळं आयतं मिळालं असं कुणी म्हणालं की मला फार लागतं. पहिल्या महायुद्धात अठरा वर्षांची ही पोरगी बेल्जियममधल्या आघाडीजवळच्या इस्पितळात एकटीने एक्स-रे यंत्र सांभाळत होती, जखमी सैनिकाच्या अंगात गोळी नेमकी किती खोल आहे ते भूमितीने काढून सर्जनला सांगत होती. 1936 मध्ये ती लिआँ ब्लूम यांच्या सरकारात विज्ञान संशोधनाची उपमंत्री झाली, तेव्हा फ्रान्समध्ये बायकांना मताचा हक्कसुद्धा नव्हता. आणि विज्ञान अकादमीने आईला नाकारलं तसंच तिलाही नाकारलं. आईकडून तिला हेही मिळालं, आणि किरणांनी पोखरलेलं रक्तही. 17 मार्च 1956 ला ती ल्युकेमियाने गेली, वय 58.

बागेत मारीने लावलेल्या लिंडेनची आठवण म्हणून झाडाखाली थोडी बसले आणि परत लक्झेंबर्गला आले. त्याच लाइनवर पुढे सो नावाचं गाव आहे. रॉबिन्सनकडे जाणारीच गाडी बघून बसा, बूर-ला-रेनला फाटा फुटतो. पिएर गेल्यावर मारी मुलींना आणि सासऱ्यांना घेऊन याच गावात राहायला आली. इरेनला खरं वाढवलं ते या आजोबांनी, डॉक्टर यूजेन क्युरी यांनी.

दफनभूमीत इरेन आणि फ्रेडरिक शेजारी आहेत. आजूबाजूला गावातलीच माणसं. मी मोगऱ्याचं फूल शोधत नव्हते, पण हात रिकामे वाटले, म्हणून स्टेशनजवळून घेतलेली पांढरी शेवंती ठेवली आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने दगडाकडे बघून हात जोडले.

"तिची आई तिच्याजवळच आहे का गं?"

"नाही गं, 1995 मध्ये मारी आणि पिएर यांना पाँथिऑनमध्ये नेलं. मारीच्या शवपेटीला आतून शिशाचं अस्तर होतं."

"म्हणजे आधी होती?"

"होती. 39 वर्षं दोघी इथेच."

"मग बरंय," आई म्हणाली, आणि मला जेवलीस का विचारलं.