एकाच वाफ्यातला पालक

वाटपानंतर दोन दिवसांनी सभासदांचे फोटो आले आणि आम्ही ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पालक एकाच वाफ्यातला, एकाच सकाळी कापलेला. काही घरी पानं अजून ताठ होती. काही घरी त्यानं मान टाकली होती, काही घरी पानं ताठ पण पिवळी, आणि काही पिशव्यांत देठाशी बुळबुळीत. बियाणं, खत, पाणी सगळं सारखं, मग इतका फरक कसा?

वाट्याच्या शेतीत सभासद हंगामाच्या सुरुवातीलाच पैसे भरतात आणि दर आठवड्याला जे तयार असेल त्याचा वाटा नेतात. बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सहसा माहीत नसते. इथे पेरणी पिकाच्या नव्हे, वाटपाच्या तारखेवरून मागे मोजत ठरते. कोथिंबीर दर दहा-बारा दिवसांनी थोडी थोडी, मुळा वाटपाच्या साधारण पाच आठवडे आधी. वाट्यात एक-दोन पालेभाज्या, एक कंद, एक-दोन फळभाज्या आणि आठवडाभर टिकणारं काहीतरी हवंच. या आखणीवर आमची सगळी मेहनत जाते. कापल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांकडे मात्र कुणी बघत नाही. शेतीचे सल्लेही बहुतेक उत्पादन वाढवण्याचेच असतात, काढणीनंतरच्या मालाबद्दल कुणी चार वाक्यं धड सांगत नाही, आणि याचा मला खरंच राग येतो.

तक्रारी एकत्र मोजल्या असत्या तर काहीच हाती लागलं नसतं. मान टाकलेला पालक म्हणजे पाणी उडालेला पालक. ताठ पण पिवळा म्हणजे त्याला पिकणाऱ्या फळाचा वायू लागलेला, इथिलीन. बुळबुळीत म्हणजे ओला माल बंद पिशवीत कोंडलेला. लक्षणं तीन, कारणंही तीन.

पुढच्या कापणीला सळईचा थर्मामीटर जुड्यांच्या मधोमध खुपसून पाहिला. उजाडताना कापलेल्या पहिल्या क्रेटमध्ये तेव्हा २० अंश होते. ट्रॉली भरेपर्यंत तोच क्रेट बांधावर थांबला आणि सूर्य वर आला तशी झाडाची सावली सरकून गेली. दोन तासांनी गाभ्यात ३१ अंश, आणि सावलीतली हवा फक्त २७. कापलेला पाला श्वास घेतच असतो. त्या श्वसनाची उष्णता दाटीवाटीच्या क्रेटमध्ये अडकते आणि दर १० अंशांमागे श्वसनाचा वेग दुपटी-तिपटीनं वाढतो. म्हणजे सगळ्यात आधी, गारव्यात कापलेलाच माल सगळ्यात जास्त भाजला होता. शेवटचा क्रेट थेट शेडमध्ये गेला म्हणून वाचला.

मग क्रम बदलला. आधी पालेभाजी, आणि क्रेट भरला की लगेच शेडमध्ये, ट्रॉली भरायची वाट पाहायची नाही. फळभाज्या नंतर. घेवड्याला तर दव सुकल्याशिवाय हात लावायचा नाही, ओल्या पाल्यातून फिरलं की रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. बांधाच्या टोकाला चार पाइपांवर उचलून हलवता येईल अशी शेडनेट बांधली. शेडमध्ये पालक गार, स्वच्छ पाण्यात बुडवायचा आणि जाळीवर पूर्ण निथळू द्यायचा, तोवर पिशवी नाही. पाणी गढूळ झालं की बदलायचंच, नाहीतर एका जुडीची कुज सगळ्यांना वाटली जाते. टोमॅटो मात्र या टाकीत कधीच टाकायचा नाही. गरम टोमॅटो गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि देठाच्या खोबणीतून पाणी आत ओढलं जातं, त्याबरोबर जंतूही. तो वरून सुंदर दिसतो आणि दोन दिवसांनी आतून सडतो.

खरी सुधारणा म्हणजे विटांची शीतपेटी. तळाला विटांचा एक थर, त्यावर १६५ बाय ११५ सेंटिमीटरची दुहेरी भिंत, उंची सुमारे ६७ सेंटिमीटर. दोन भिंतींमध्ये साडेसात सेंटिमीटर फट, तिच्यात धुतलेली नदीची वाळू. वर बांबूच्या चौकटीवर ओलं गोणपाट. वाळूवर ठिबकची नळी फिरवून सकाळ-संध्याकाळ पाणी. बाहेर कोरडे ३८ अंश असताना आत २६ मोजले. माठासारखंच, विटांतून पाणी उडताना गारवा होतो, वीज लागत नाही. पण ती कशी बिघडते हेही बांधण्याआधीच समजून घ्यावं. वाळूत माती असली की फट लिंपली जाते. जास्त भाजलेली वीट पाणी पीत नाही. जड पाण्यानं विटेवर पांढरे क्षार चढतात आणि तिची छिद्रं बुजतात, म्हणून अधूनमधून घासावी लागते. कोपऱ्यात, वारा नसलेल्या जागी बांधली तर ती निव्वळ ओली पेटी होते. दमट दिवसांत गारवा एक-दोन अंशांचाच मिळतो. अशा दिवशी मोठा वाटा पालेभाजीचा ठेवायचा नाही, एवढाच उपाय.

पिवळ्या पालकाचं कारण पिशव्या भरण्याच्या टेबलावर सापडलं. त्या आठवड्यात पिकलेली खरबुजं होती आणि काही पिशव्यांत ती पालकाच्या अंगावर बसली होती. आता खरबूज वेगळ्या पिशवीत जातं, सोबत चिठ्ठी: फळं आणि पाला फ्रिजच्या एकाच खणात ठेवू नका, गाजरही फळांजवळ नको, कडू होतं. चिठ्ठी वाचणारे सभासद थोडेच. आमच्यातलाच एक सहकारी गाजराचा पाला तसाच ठेवा म्हणून हट्ट धरतो, वाटा भरगच्च दिसतो म्हणे. पण तो पाला गाजरातलं पाणी ओढत राहतो आणि घरी पोहोचेपर्यंत गाजर लवचिक होतं. वाटा फोटोसाठी नसतो, खाण्यासाठी असतो.

माझ्या डोक्यात अजून घोळतोय तो हिशेबाचा प्रश्न. खराब पालक मिळालेल्यांना पुढच्या आठवड्यात भरपाई द्यावी का? सहकाऱ्याचं म्हणणं, जोखीम सगळ्यांची असंच ठरलंय. मला ते पटत नाही. गारपीट, मावा कीड, उशिरा आलेला पाऊस ही सगळ्यांची जोखीम. बांधावर उन्हात गेलेले दोन तास हे हवामान नाही, ते काम आहे आणि त्याची जबाबदारी शेताची. शेवटी आम्ही भरपाई दिली, पण करारात या दोन गोष्टींमधली रेघ कुठेच ओढलेली नाही. ती पुढच्या हंगामाआधी लिहून काढावी लागेल, निथळल्यानंतरच वजन करायचं या अटीसकट, कारण ओली जुडी काट्यावर पाणीही मोजून घेते.

आणि दोन पिशव्यांचा उलगडा अजून झालेलाच नाही. त्यांत खरबूज नव्हतं, टोमॅटोही नव्हते, तरी पालक पिवळा. दोन्ही जुड्या वाफ्याच्या पाटाकडच्या ओळीतल्या असाव्यात असा मला संशय आहे. तिथे पाणी साचतं, नत्र धुपून जातं आणि जुनी पानं आधी फिकी पडतात. पुढच्या कापणीला ती ओळ वेगळ्या, खूण केलेल्या क्रेटमध्ये ठेवणार आहोत, आणि तिच्यातल्या चार जुड्या शेडमध्येच राहतील, फळांपासून लांब.