तुम्ही विचारलंत म्हणून : हरलेली मॅच

"ताई, तुम्ही तर सेल्टिक्सच्या फॅन. मग दर उन्हाळी शिबिरात सेल्टिक्स हरलेलीच मॅच का दाखवता?"

मी मुलींना बास्केटबॉल शिकवते. ग्राउंडवर मुली विचारतात, बाहेर गाडीवर टेकून वाट बघणारे त्यांचे बाबा विचारतात. मागच्या महिन्यात एका जुन्या खेळाडूच्या आईनेही विचारलं. मी दर वेळी घाईघाईत काहीतरी सांगते आणि पुढच्या ड्रिलकडे वळते. आज नीट सांगते.

मॅच आहे 2010 च्या एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) फायनल्सची सातवी, बोस्टन सेल्टिक्स आणि लॉस एंजेलिस लेकर्स यांच्यातली. तिकडे 17 जूनची संध्याकाळ होती, आपल्याकडे 18 जून, शुक्रवारची सकाळ. बाकी सगळं गाव दक्षिण आफ्रिकेतल्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये गुंतलं होतं. मी कॉलेजात होते. साडेसहाच्या आधी टीव्हीसमोर बसले, आवाज अगदी बारीक, कारण आतल्या खोलीत आजी झोपली होती. आईने चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

या दोन टीमचं वैर किती जुनं आहे ते थोडं सांगायला हवं. फायनल्समध्ये त्या पहिल्यांदा भिडल्या 1959 मध्ये. लेकर्स तेव्हा मिनिआपोलिसचे होते, लॉस एंजेलिसला गेले नव्हते. चार मॅच आधी जिंकेल त्याची ट्रॉफी, म्हणून तीन-तीन अशी बरोबरी झाली तरच सातवी मॅच होते. सेल्टिक्स-लेकर्स अशी सातवी मॅच 2010 च्या आधी चार वेळा झाली होती: 1962, 1966, 1969 आणि 1984. चारही वेळा सेल्टिक्स जिंकले. 1966 आणि 1969 मध्ये तर फक्त दोन-दोन गुणांनी. त्यामुळे त्या सकाळी माझ्या मनात शंका अशी नव्हतीच. सातवी मॅच आपलीच असते, एवढं मला पाठ होतं.

शिवाय 2008 ताजं होतं. त्या वर्षी सेल्टिक्सने लेकर्सना सहा मॅचमध्ये संपवलं, शेवटची मॅच 131-92 अशी. लेकर्सचा स्पॅनिश सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा उंच खेळाडू, पाउ गॅसोल तेव्हा सगळीकडे बोलणी खात होता: मऊ आहे, अंगावर कोणी आलं की मागे सरतो. हा गॅसोल लक्षात ठेवा.

2010 चे सेल्टिक्स म्हातारे झाले होते. केव्हिन गार्नेट 34 चा, रे ॲलन त्याच्याहूनही मोठा. पूर्व विभागात चौथे आलेले. तरी प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत, लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलँडला घरी पाठवलं, ऑर्लँडोला पाठवलं, आणि फायनलमध्ये पाच मॅचनंतर 3-2 ने पुढे होते. सहाव्या मॅचमध्ये, पहिल्याच क्वार्टरमध्ये, आमचा सेंटर केंड्रिक पर्किन्स रिंगखाली पडला तो उठलाच नाही. गुडघ्याचे लिगामेंट फाटले होते. ती मॅच लेकर्सनी 89-67 अशी काढली. पर्किन्स गुणांचा पाऊस पाडणारा खेळाडू नव्हता. पण पाय रोवून उभा राहायचा आणि समोरच्याला रिंगखाली जागा मिळू द्यायचा नाही. सातव्या मॅचला तो नव्हता.

आता मुद्द्यावर येते. सातव्या मॅचमध्ये कोणाचेच शॉट पडत नव्हते. लेकर्सचा कोबी ब्रायंट, त्या काळचा सगळ्यात धाडसी शूटर, 24 पैकी 6. रे ॲलन 14 पैकी 3. हाच रे ॲलन, ज्याने दुसऱ्या मॅचमध्ये 8 थ्री (लांबून टाकलेले तीन गुणांचे शॉट) टाकून फायनल्सचा तेव्हाचा विक्रम केला होता आणि लगेच पुढच्या मॅचमध्ये 13 शॉट घेऊन एकही टाकू शकला नव्हता. लेकर्सची पूर्ण टीम मिळून 32.5 टक्के. आमच्या तालुका स्पर्धेत एवढी टक्केवारी झाली तर मुली रडवेल्या होतात, आणि इथे जगातले सर्वोत्तम खेळाडू, घरच्या मैदानावर, ट्रॉफी बाजूला ठेवलेली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सेल्टिक्स 13 गुणांनी पुढे गेले. मी उठून आजीला जागं करून सांगायच्या बेतात होते.

आणि तिथून मॅच हळूहळू हातातून गेली. एखाद्या मोठ्या फटक्याने गेली असती तर समजलं असतं. ही गेली रिबाउंडने, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल पकडण्याने. लेकर्सचा शॉट चुकायचा, बॉल रिंगवर आपटून वर उडायचा, आणि गर्दीतून लेकर्सचाच हात वर यायचा. पुन्हा शॉट, पुन्हा चूक, पुन्हा त्यांचाच हात. स्वतःच्याच चुकलेल्या शॉटचा बॉल परत मिळवणं, ऑफेन्सिव्ह रिबाउंड, त्यांनी 23 वेळा केलं. सेल्टिक्सने 8 वेळा. गॅसोलने एकट्याने 18 रिबाउंड काढले, त्यातले 9 ऑफेन्सिव्ह. तोच, ज्याला दोन वर्षं मऊ म्हणत होते. आणि कोबीने, ज्याचा एक शॉट धड पडत नव्हता, 15 रिबाउंड काढले. गार्ड होता तो, रिंगपासून लांब खेळणारा. साडेसहा फुटी असला तरी गार्डच. त्या जंगलात शिरायचं त्याचं काम नव्हतं, पण तो शिरला.

मी शिबिरात मॅच कुठे थांबवते ते सांगते. शेवटचं एक मिनिट. लेकर्सच्या रॉन आर्टेस्टने थ्री टाकला, 79-73. रे ॲलनने लगेच थ्रीनेच उत्तर दिलं, 79-76. मुलींना आठवतो तो आर्टेस्टचा थ्री, आणि ते बरोबरच आहे, शॉट तसाच होता. पण मी थांबवते त्याच्या नंतर. कोबी लांबून शॉट घेतो. चुकतो. बॉल उडतो, आणि गॅसोल सेल्टिक्सच्या खेळाडूंमधून तो ओढून घेतो. बॉल परत कोबीकडे, कोबीवर फाऊल, दोन फ्री थ्रो, दोन्ही आत. 81-76. मी मुलींना त्या वेळी सेल्टिक्सचे पाय बघायला सांगते, हात नाही. शॉट हवेत असताना आमचे खेळाडू बॉलकडे बघत राहिलेत. पाठीने माणूस अडवायचा, बॉक्स आउट, ते होत नाहीये. थकले होते. मला आजही तो क्षण बघवत नाही, म्हणून मी तो दर वर्षी बघते.

83-79. लेकर्सची सोळावी ट्रॉफी.

सेल्टिक्सचे चाहते अजून फ्री थ्रोंचा हिशोब काढतात: त्यांना 37, आम्हाला 17. मीही बरीच वर्षं तेच घोकत होते. मग कोच झाले, स्कोअरशीट भरायला लागले आणि कळलं की रिंगखाली ज्याच्या हातात बॉल जास्त वेळा येतो त्याच्यावर फाऊल जास्त होतात. त्यांनी 23 वेळा परत मिळवला. पर्किन्स असता तर त्यांनी एवढ्या वेळा मिळवला असता का? मला नाही वाटत. हे माझं मत, आणि ते मी बदलणार नाही.

मॅच संपल्यावर आर्टेस्टने लाइव्ह टीव्हीवर आपल्या मानसोपचारतज्ज्ञाचे आभार मानले. हा तोच खेळाडू, ज्याला 2004 मध्ये प्रेक्षकांत घुसून मारामारी केल्याबद्दल उरलेल्या पूर्ण सीझनसाठी बाहेर बसवलं होतं. पुढे त्याने त्या विजेतेपदाची अंगठीसुद्धा सोडत काढून देऊन टाकली, मानसिक आरोग्याच्या कामाला पैसे उभे करायला. मी मुलींना तो भागही दाखवते. आमच्याकडे 'डोकं शांत होत नाही' हे कोणी कोचला सांगत नाही. तो भाग दाखवायला लागल्यापासून दोघीतिघींनी मला येऊन सांगितलं.

कोबीने त्या रात्री कबूल केलं की जिंकायची इच्छाच इतकी झाली होती की जितका जोर लावला तितकं ते निसटत गेलं, आणि सोबतच्यांनी त्याला सांभाळून घेतलं. फायनल्सचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. आता तो नाही, 2020 मध्ये गेला. पण मी ज्याच्यावर एवढी चिडले होते त्याची ती 15 रिबाउंडची रात्र मला त्याच्या कुठल्याही 40 गुणांच्या मॅचपेक्षा जवळची वाटते.

गेल्या वर्षीच्या शिबिरातली गोष्ट. आमची सगळ्यात चांगली शूटर, चौदा वर्षांची, आदल्या दिवशीच्या मॅचमध्ये तिचा एकही थ्री पडला नव्हता. हाफ टाइमला टॉवेल तोंडावर घेऊन बसली होती, मी काहीच बोलले नाही, पाण्याची बाटली फक्त पुढे केली. दुसऱ्या दिवशी ही मॅच लावली तेव्हा ती मागे भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली. मुली नेहमीप्रमाणे वहीत रिबाउंडच्या रेघा मारत होत्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. कोबीच्या नावापुढे रेघा वाढायला लागल्या तशी ती सरकत सरकत पुढे आली. मॅच संपली, मुली डबे उघडायला गेल्या, ती तिथेच थांबली.

"ताई, कालची स्कोअरशीट आहे?"

बॅगेतून काढून दिली. तिने आपलं नाव शोधलं, गुणांच्या रकान्यावरून बोट पुढे नेलं आणि रिबाउंडवर थांबवलं. नऊ होते. तिने ते दोनदा मोजले.