पुण्यात बसून मस्कतची भिंत

बाणेरच्या ऑफिसात काढलेली इमारत मस्कतला उभी राहते, तेव्हा परवानग्या आणि साइटवरच्या सह्या तिथल्या नोंदणीकृत कन्सल्टंटकडे असतात. मूळ आर्किटेक्टकडे उरतं ते करारात लिहिलेलं तेवढंच, आणि रेंडर (इमारतीचं संगणकावर केलेलं चित्र) सहसा करारात नसतोच. म्हणून कलम आधीच घालून घ्यावं: दर्शनी भागाचे नमुने आणि शॉप ड्रॉइंग (कॉन्ट्रॅक्टरने कामासाठी काढलेले तपशीलवार नकाशे) आपल्या लेखी संमतीशिवाय पास होणार नाहीत. बीओक्यूत (कामाच्या मालाची आणि मापांची यादी) 'किंवा समतुल्य' असेल तर समतुल्य कशात, तेही लिहावं. नाहीतर 30 मिमी जाडीचा दगड गुपचूप 20 चा होतो.

खरी कसोटी उघड्या काँक्रीटची. एलेव्हेशनवर (भिंतीच्या समोरून दिसणाऱ्या ड्रॉइंगवर) नुसती चौकट काढली की कॉन्ट्रॅक्टर प्लायच्या मापाने शटरिंग (काँक्रीटचा साचा) लावतो आणि माल संपेल तिथे थांबतो. त्यात आखाती उन्हाळ्यात काँक्रीट लवकर धरतं; पुढचा मिक्सर रखडला की भिंतीच्या मधोमध कोल्ड जॉइंट, म्हणजे जुन्या-नव्या काँक्रीटमधली न जुळलेली रेघ. तो नंतर लपत नाही, पॅच मारला तर जास्तच दिसतो. तेव्हा प्रत्येक सांधा आणि टाय-होल (साचा बांधणाऱ्या बोल्टचं भोक) ड्रॉइंगवरच दाखवायचं, आणि दिवसाचं काम जिथे थांबेल तिथे 20 मिमीची खाच ठेवायची. सळईचं कव्हर (तिच्यावरचा काँक्रीटचा थर) मात्र खाचेच्या तळापासून मोजायचं. हे हमखास राहतं, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत गंज आधी तिथेच फुटतो.

अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान यांनी ढाक्याच्या संसद भवनात हेच केलं. काँक्रीट 5-5 फुटांच्या टप्प्यांनी चढणार हे धरून दर 5 फुटांवर संगमरवराची पट्टी घेतली, सांधे तिच्यातच जिरले. कान 1974 मध्ये गेले, इमारत 1982 मध्ये पुरी झाली. साइटला जे जमणार नाही ते डिझाइनमध्ये आधीच सामावून घेणं, याला मी तरी तडजोड म्हणणार नाही.

मॉक-अप भिंत, म्हणजे आधी बांधून बघायचा नमुना, साधारण 2 बाय 3 मीटरची हवी. त्यात एक कोपरा, एक सांधा, खिडकीची एक कड. खरं काम करणाऱ्याच टोळीने, त्याच कारखान्याच्या सिमेंटने ती बांधायची आणि शेवटपर्यंत पाडू द्यायची नाही. फोटो मागवताना तिरक्या उन्हातले, टेप लावून काढलेले मागवावेत. समोरून पडणाऱ्या उन्हात भिंतीचे फुगवटे दिसत नाहीत.

आणि कॅलेंडर बघा. ओमानला शुक्रवार-शनिवार सुट्टी, आपल्याकडे रविवार. दोन्हीकडे काम चालू असे वार चारच. उत्तराची मुदत करारात कामाच्या दिवसांत मोजायची असेल, तर कोणाच्या कामाचे दिवस हेही लिहून घ्या.