बाइंडिंग कसलं करू?

छापलेला गठ्ठा मशीनमधून गरमागरम बाहेर येईपर्यंत सगळं सोपं असतं. मग झेरॉक्सवाला विचारतो, ‘बाइंडिंग कसलं करू?’ आणि माणूस गांगरतो. टांगलेले नमुने बघून, जो भारी दिसेल त्यावर बोट ठेवून मोकळा होतो. कोकणात असं चालत नाही. इथे बाइंडिंगची परीक्षा जुलै महिना घेतो.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथला कागद कोरडा राहणार कसा? ग्लॉसी लॅमिनेशन कव्हरच्या फक्त बाहेरून असतं. आतली उघडी बाजू ओल धरून फुगते, प्लास्टिक मात्र फुगत नाही, आणि कव्हर तळलेल्या पापडासारखं बाहेर वळतं. पिनांचं तर विचारूच नका. आधी तांबूस डाग, मग डागाच्या जागी भोक. लहानशा आरतीपुस्तिकेला मधोमध पिन मारण्यापेक्षा सुईदोऱ्याचे दोन टाके घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. जुने बाइंडर दोराच वापरत, आणि खळीत मोरचूद घालत, म्हणजे कसर लागत नसे.

गणपती जवळ आले की भजनाच्या वह्या नव्याने निघतात. आमच्या वाडीतल्या मंडळाला गम बाइंडिंगची भारी हौस, कारण त्यात सपाट कणा मिळतो आणि कण्यावर मंडळाचं नाव येतं. बुवांनी नमुना पेटीवर ठेवला, उघडला, हात काढला. वही मिटली. पुन्हा उघडली, तळव्याने दाबली, कण्यातला गोंद कटकन बोलला, आणि वही परत मिटली. एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर, पान धरायला तिसरा आणायचा कुठून? जास्तीचे हात मखरातल्याकडे. बुवा एवढंच म्हणाले, ‘‘वही पेटयेर उघडी रवाक व्हयी. नाव खय घालूचा ता तुमी बघा.’’

पेटीवर उघडं राहणारं म्हणजे स्पायरल. पान पार मागे दुमडलं तरी तक्रार नाही. तारेच्या कड्यांचं वायरो त्याहून देखणं, पण खाऱ्या हवेत तार ती तारच, त्यामुळे आपलं प्लास्टिकचं बरं. फक्त टाइप करतानाच डावीकडे भोकांपुरती जागा सोडायला सांगावं लागतं, नाहीतर ओळीचं पहिलं अक्षर भोकात जातं आणि मंडळी ‘य देव, जय देव’ म्हणत बसतात. कुलवृत्तांत किंवा देवस्थानचे जुने कागद असतील तर गोष्ट वेगळी. तिथे शिलाई आणि कापडी पुठ्ठाच हवा, पैसे जातील ते जाऊ देत.

मंडळाने शेवटी स्पायरलच केलं. आत ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा कागद, कारण पातळ कागदावर मागची छपाई दिसते आणि घामेजल्या बोटाला पान चिकटतं. कणा नाही म्हणून मंडळाचं नाव पहिल्या पानावर घातलंय, तेही एवढ्या टोलेजंग अक्षरांत की सुरुवातीच्या गणाला दुसऱ्या पानावर जावं लागलं.